खळ्यावरची लॉ सीईटी

मार्च सरत आला की ढाणकीहून उमरखेडला येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद शिजायला लागते. ओली माती, उकडलेलं आलं आणि लाकडाचा धूर एकत्र केला तर जो वास होईल, तो. काळा कोट घडी करून स्कूटीच्या डिकीत टाकलेला असतो, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला असतो, तरी वास आत शिरतोच. बाकीच्या जगाला हळदीच्या वासाने लग्न आठवतं. मला प्रवेश परीक्षा आठवते. माझ्या बाबतीत या दोन गोष्टींचं भांडणच लागलं होतं म्हणा, आणि ते आमच्या खळ्यावर चांगलं उन्हाळाभर चाललं.

परवा कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी लॉ सीईटीचं पुस्तक छातीशी धरून उभी होती. वकिलांना न विचारता बोलायची खोड असते. मी म्हटलं, ‘कायद्याचे प्रश्न कसे जाऊन राह्यले?’ ती म्हणाली, ‘मॅडम, दोन पर्याय सारखेच वाटतात.’ मला हसू आलं. दोनच सारखे वाटत असतील तर पोरगी हुशार आहे. मला एकच पर्याय खरा वाटायचा, आणि तो दर वेळी चुकीचा असायचा.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा ढाणकीच्या अलीकडे, उतारावर. मोठे बापू, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, तांड्याचे नायक. त्यांना मिशा आहेत, पण त्यांचा धाक फक्त शेळ्यांना. तांड्यात कुरबुर झाली की कडुलिंबाखाली नसाब बसतो. नसाब म्हणजे आमची न्यायाची बैठक. मोठ्या बापूंच्या नसाबाची एक ठरलेली रीत होती: कुणालाही पुरतं जिंकू द्यायचं नाही आणि कुणालाही पुरतं हरू द्यायचं नाही. दोघांचंही थोडं चुकलं, दोघांनीही थोडं सोडायचं, शेवटी गूळ वाटायचा आणि घरी जायचं. ते म्हणायचे, ‘आपले म्हातारे बैलाइवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. वाटेत भांडन झालं, तं हारलेल्या मानसाले तिथंच टाकून पुढं जाता येते काय? उद्या त्याचाच बैल आपल्या बैलाच्या मांगं चालनार हाये.’ (घरात आम्ही गोरबोलीच बोलतो. पण ती इथे जशीच्या तशी उतरवली तर तुम्ही पान उलटाल, म्हणून बाजाराच्या वऱ्हाडीत सांगते.)

माझ्या बारावीच्या वर्षी माझीच केस लिंबाखाली गेली. पुसदकडचं स्थळ आलं होतं. मुलगा आश्रमशाळेत शिक्षक, घरी ओलिताची जमीन, माणसं बोलायला गोड. बापू, म्हणजे माझे वडील, हरखून गेले. माझ्या याडीचं, म्हणजे आईचं, मात्र वेगळंच काही चाललं होतं. शेताच्या बांधाच्या केसच्या तारखेला ती एकदा उमरखेडच्या कोर्टात गेली होती आणि तिथे एका वकीलबाईला बोलताना तिने पाहिलं होतं. बाई काय बोलली ते याडीला ओ की ठो कळलं नाही. पण ती बोलत होती तोवर सगळे पुरुष गप्प बसले होते, हे तिने नीट पाहून ठेवलं. तेव्हापासून पोरगी वकीलच झाली पाहिजे, हे तिचं पक्कं.

नसाबात बायका मागे उभ्या राहून ऐकतात, बोलत नाहीत. याडीची बाजू माझ्या मामाने मांडली, बापूंची बापूंनी. मग मोठ्या बापूंनी मला पुढे बोलावलं.

‘तुले काय पायजे व?’

‘मले वकील व्हायचं हाये.’

‘लगन नाही करायचं?’

‘करीन ना. आधी वकील तं होऊ द्या.’

लोक हसले. मोठे बापू हसले नाहीत. विचार करताना ते कानामागे खाजवतात, ते त्यांनी बराच वेळ केलं आणि निकाल दिला. पोरीने यंदा परीक्षा द्यायची. नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली तर शिकायला जायचं आणि पाहुण्यांना नकार कळवायचा. नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्नाचा बार उडवून द्यायचा. तोवर पाहुण्यांनी दम धरायचा. बापूंना अर्धं मिळालं, याडीला अर्धं मिळालं, गूळ वाटला गेला. मीही हो म्हटलं, कारण त्या वयात आपण नापास होऊ शकतो हे डोक्यातच येत नाही. गुळाचा खडा तोंडात टाकल्यावर मग ते डोक्यात आलं. आता सगळं त्या परीक्षेवर होतं आणि ती परीक्षा असते कशी, हे आमच्या अख्ख्या तांड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा.

यवतमाळच्या एका मॅडम मोबाइलवर शिकवणी घ्यायच्या. तांड्यात मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त खळ्यावर, आणि त्या दिवसांत खळ्यावर हळद. त्यामुळे माझं अभ्यासाचं टेबल म्हणजे वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला टाकलेली बाज, वर साड्यांचा मांडव, आणि समोर वाफ सोडणारी भलीमोठी कढई. याडी जाळ सारायची, बापू शिजलेली हळद उपसून पसरायचे, मी ‘राज्यघटनेची उद्देशिका’ असं मोठ्याने घोकायची. पुस्तकाची पानं बोटांच्या ठशांनी पिवळी झाली. आजही ते पुस्तक उघडलं तर कुठला धडा मी जास्त वाचला होता ते रंगावरून ओळखता येतं. इंग्रजीची पानं अगदी पांढरीशुभ्र आहेत.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की काम थांबायचं. सगळे मांडवात येऊन पडायचे, मोठे बापूही यायचे. अशाच एका दुपारी मी कायदेविषयक प्रश्न मोठ्याने वाचला आणि घोटाळा सुरू झाला.

या प्रश्नांची एक तऱ्हा असते. आधी एक नियम देतात, मग काय घडलं ते देतात, मग चार पर्याय. मी वाचलं, ‘नियम: जनावराने केलेल्या नुकसानीला त्याचा मालक जबाबदार असतो. घटना: ब चा बैल अ च्या बागेत शिरला आणि त्याने रोपं खाल्ली. पर्याय पहिला, ब जबाबदार. दुसरा, अ जबाबदार. तिसरा, दोघेही जबाबदार. चौथा, कोणीही नाही.’

डोळे मिटून पडलेले मोठे बापू उठून बसले.

‘अ कोन?’

‘अ म्हंजे अ. कोनी बी.’

‘बिननावाच्या मानसाचा न्याय कसा करू मी? कोन्या तांड्याचा हाये?’

शेवटी अ चं नाव थावरा ठेवलं, ब चं गेमा. मग मोठ्या बापूंनी चौकशी सुरू केली. थावराने कुंपण का नाही घातलं? गेमाचा बैल उपाशी होता काय? आधीचं काही वैर? बापू म्हणाले, ‘बाग रस्त्याच्या कडेले असन तं थावराचीबी चूक हाये.’ जाळ सारता सारता याडीचंही मत आलं, की थावराच्या बायकोने बैल हाकलायला पाहिजे होता, ती कुठे गेलती? प्रश्नात थावराला बायकोच नव्हती. पण तोवर तिचाही दोष ठरून गेला होता. एकमताने निकाल लागला: तिसरा, दोघंही. मी डोळे झाकून खूण केली.

मग रोज दुपारी एकेक प्रश्न नसाबाला लागू लागला. चुकून दुसऱ्याची छत्री घेऊन गेलेल्या अ ला आणि छत्री वेंधळ्यासारखी ठेवणाऱ्या ब ला समोरासमोर बसवून चहा पाजण्यात आला. सतरा वर्षांच्या पोराकडून सायकल विकत घेणाऱ्या माणसाच्या केसमध्ये पोराच्या बापाला बोलावणं गेलं, तो प्रश्नात कुठेच नसताना. निकाल मात्र ठरलेला. तिसरा. आणि खरं सांगते, मला तेच बरोबर वाटायचं. लहानपणापासून मी दुसरा निकाल ऐकलाच नव्हता.

सराव परीक्षेचा पेपर मॅडमनी तपासला आणि फोन केला. मॅडम मूळच्या राजूरच्या, वडील कोळशाच्या खाणीत होते. बोलणं सरळ.

‘ज्योती, तू सगळीकडे “दोघेही जबाबदार” काहून लिहिलं? तुझ्या दुनियेत कोणीच निर्दोष नसतो का?’

मी खळ्याची सगळी हकीकत सांगितली. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं, मॅडम हसून राहिल्यात. हसणं आवरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं: ‘प्रश्नात दिलं तेवढंच जग. नियम काय, घडलं काय, एवढंच बघायचं. बाहेरचं काही जोडायचं नाही.’ आणि पुढे म्हणाल्या, ‘अशीच देत राहशील तर तुझी जागा जाईल बरं.’

जागा जाईल म्हणजे काय, ते त्यांना अर्धंच माहीत होतं. त्या दिवशी खळ्यावरच्या हळदीकडे मला बघवेना. दिवाळीनंतर यातलीच कुठलीतरी आपल्या अंगाला लागणार, असं वाटत राहिलं. मी ढसाढसा रडले. बापूंना वाटलं उन्हाने, त्यांनी कांदा फोडून दिला.

मोठ्या बापूंना सांगायची माझी छाती होईना. त्यांच्या न्यायाची रीतच चुकीची आहे, हे नायकाला कोण सांगणार? पण दुसऱ्या दुपारी ते स्वतःहूनच म्हणाले, ‘चाल, आन कोन हाये आज?’ तेव्हा मी मॅडमचं म्हणणं एका दमात सांगून टाकलं. ते कानामागे खाजवत राहिले.

‘बाहेरचं पाह्यल्याबिगर न्याय कसा होईन?’

‘न्याय नाही मोठे बापू, परीक्षा हाये.’

‘असं होय,’ ते म्हणाले. ‘मंग आधी काहून नाही सांगितलं? हा खेळ वेगळा हाये.’

आणि तो खेळ त्यांना असा काही लागला, की विचारू नका. नियम कोणता, घडलं काय, पर्याय कोणता. बापूंनी ‘पन कुंपन—’ एवढं म्हटलं की मोठे बापू काठी आपटत, ‘बाहेरचं! बाहेरचं!’ हळदीला पॉलिश करणारं पिंप गरगर फिरायचं, त्याच्या आवाजावर आवाज चढवून मी प्रश्न वाचायची आणि मांडवातून उत्तरं यायची. याडी सगळ्यांत पटाईत निघाली. ती जाळावरून नजर न काढता म्हणायची, ‘पयला.’ बहुतेकदा तोच असायचा. मोठ्या बापूंचा हात मात्र शेवटपर्यंत तिसऱ्याकडे ओढ घ्यायचा. ‘पयला हाये, मले कळते,’ असं म्हणून ते उसासा टाकायचे, ‘पन त्या गेमाचंबी आयकाले पायजे होतं.’

परीक्षेचं केंद्र यवतमाळला. बापू हळद विकायला गेलेले, म्हणून मोठे बापू निघाले माझ्यासोबत, लाल फेटा बांधून. एसटीत त्यांनी आर्णीपर्यंत अख्ख्या गाडीला सांगितलं की पोरगी वकिलाची परीक्षा द्यायला चालली. एका बाईने तर माझ्याकडून पोटगीबद्दल सल्लाही घेतला. मी दिला.

यवतमाळचं ऊन म्हणजे माणसाला पापडासारखं भाजून काढणारं. बसस्टँडवर उतरल्याबरोबर मोठ्या बापूंनी माझी ओढणी नळाखाली धरून पाण्याने निथळती केली आणि माझ्या डोक्यावर टाकली. आमच्याकडे सगळेच असं करतात, शहाणपणाचंच काम आहे. फक्त परीक्षेच्या खोलीत एसी असतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आत शिरले आणि पहिल्या प्रश्नाआधीच माझे दात वाजायला लागले. बाहेर जग होरपळत होतं, आणि मे महिन्यात यवतमाळला थंडीने कुडकुडणारी मी बहुधा एकटीच असेन. माउसवरचा हात थरथरत होता, बाजूच्या मुलाला वाटलं मी घाबरले. त्याने खुणेने धीर दिला. मीही मान हलवली, काय सांगणार.

पण प्रश्न सुरू झाले आणि थंडी विसरले. अ आला, ब आला. मला दर वेळी पिंपाचा आवाज ऐकू यायचा आणि मागून ‘बाहेरचं! बाहेरचं!’ खोलीतल्या कुणालाही कळत नव्हतं की माझ्यासोबत सबंध खळं परीक्षेला बसलंय.

बाहेर आले तर गेटवर वेगळाच नसाब. सावलीच्या जागेवरून एक ऑटोवाला आणि एक मोटरसायकलवाला जुंपले होते आणि दोघांच्या मधे लाल फेटा. मी पोचेपर्यंत निकाल लागला होता. ऑटो थोडा मागे, मोटरसायकल थोडी पुढे, आणि दोघंही रसवंतीवर मोठ्या बापूंसोबत उसाचा रस पीत उभे. मला बघून मोठे बापू ग्लास घेऊन आले.

‘तिसरा किती डाव लिवला?’

‘एकच डाव. तो खरंच तिसरा होता.’

‘एक तं लिवला,’ ते म्हणाले आणि त्यांना भारी समाधान वाटलं.

आता मी त्याच उमरखेडच्या कोर्टात उभी राहते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पुरतं जिंकायचं असतं, समोरच्याला पुरतं हरवायचं असतं. मी त्यांची बाजू मांडते, नियम काय आणि घडलं काय ते चोख सांगते, माझं पोट त्यावर चालतं. पण कधी दोन भावांची बांधाची केस आली की मी काळा कोट काढून दोघांना बाहेरच्या टपरीवर नेते, आणि बाहेरचं सगळं जोडत बसते. कुंपण, वैर, बायको, बैल. सोबतचे वकील मला चिडवतात. चिडवू देत. जे परीक्षेत चालत नाही ते टपरीवर फार छान चालतं, आणि मला दोन्ही येतं याचा मला खरोखर अभिमान आहे.

त्या परीक्षेचा निकाल आला तेव्हा तो कुणालाच कळला नाही. पर्सेंटाइल म्हणजे पास का नापास, यावर तांड्यात दोन तट पडले. मग पेरण्या आटोपल्यावर जागांची यादी लागली, आणि ढाणकीच्या सेवा केंद्रातल्या पोराने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. नागपूर. मी घरी येईपर्यंत धावतच होते. याडीने मला पोटाशी धरलं, तिच्या हातांना अजून हळदीचा वास येत होता.

आणि संध्याकाळी पाहुण्यांचा निरोप आला. फार गोड निरोप होता. पोरगी हुशार आहे हे ऐकून आनंद झाला, लग्न दिवाळीनंतर करून टाकू, मग आमच्या घरून जवळच्या कॉलेजात शिकेल, आम्ही शिकवू. बापूंना आनंद मावेना. ‘दोन्ही झालं!’ ते म्हणत सुटले. ‘शिक्षनबी झालं, लगनबी झालं!’ तांडा लिंबाखाली जमला. माझा जीव टांगणीला लागला. कारण हा सरळसरळ तिसरा पर्याय होता, आणि मोठ्या बापूंनी उभ्या जन्मात दुसरा कुठला निकाल दिला नव्हता. बापूंनाही काही वाईट करायचं नव्हतं. पोरगी नागपुरात एकटी राहणार, या भीतीने त्या माणसाची झोप उडाली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मोठ्या बापूंनी निरोप पूर्ण ऐकला. कानामागे खाजवलं. मग माझ्या बापूंना विचारलं,

‘नियम काय ठरला होता?’

‘कोनता नियम?’

‘याच लिंबाखाली ठरला होता तो.’

बापूंनी आठवून सांगितलं, ‘नागपूरले जागा भेटली तं शिकाले जाईन. पाहुन्याइले नकार कळवाचा.’

‘घडलं काय?’

‘जागा भेटली. पन दादा, पाहुने म्हनतात—’

‘पाहुने म्हनतात ते नियमात होतं काय?’

‘नोतं. पन—’

‘मंग ते बाहेरचं,’ मोठे बापू म्हणाले. ‘बाहेरचं काही जोडाचं नाही.’

खळ्यावर असते तर मी हसले असते. लिंबाखाली मात्र हसू सुचलं नाही. मोठे बापू माझ्याकडे वळले. ‘पयला, पोरगी नागपूरले जाईन. दुसरा, लगन. तिसरा, दोन्ही. सांग व, पर्याय कोनता?’

उन्हाळाभर मी असे शेकडो प्रश्न सोडवले होते. यवतमाळच्या त्या गारठ्यातही माझं बोट अडलं नव्हतं. आणि आता मी उत्तर द्यायचं सोडून बापूंकडे बघत राहिले.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, याडीचा आवाज आला. जाळ सारताना यायचा तसाच, शांत.

‘पयला.’

लिंबाखालचे सगळे पुरुष गप्प बसले होते. मग मोठ्या बापूंनी गूळ मागवला.